त्याला पगार म्हणत नाहीत

बाबा कुठलाही कागद एकाच रीतीने वाचतात. आधी आकडा, मग तारीख, मग खाली सही कुणाची आहे ते. मधला मजकूर सगळ्यात शेवटी, चष्मा पुसून. गोव्यात डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं पाना-पक्कड चालवली आणि त्यातली निम्मी वर्षं युनियनच्या कमिटीवर काढली, त्यामुळे असेल.

भाचीचं पत्र आलं ते २०२४ च्या मार्चमध्ये. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश आणि सोबत टीचिंग असिस्टंटशिप. घरातल्या सगळ्यांनी ते आपापल्या मोबाइलवर वाचलं. वहिनीने देवापुढे साखर ठेवली, दादाने चार जणांना फोन केले. बाबांनी प्रिंट मागितली. दादा स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन पानं काढून घेऊन आला, तेव्हा ते ओसरीवर चष्मा पुसतच बसले होते.

आकडा वाचून त्यांनी मान हलवली. (तो आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे डॉलर दिसला की शेजारीपाजारी लगेच रुपयांत हिशेब करायला बसतात, आणि मग मुलीच्या लग्नाचा विषय निघतो.) मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आठवड्याला वीस तास. आणि नऊ महिने," ते म्हणाले. "म्हणजे वर्षाला तीन महिन्यांचा ब्रेक. ब्रेकात खायचं काय?"

पंधरा वर्षं मी संशोधनाच्या याच धंद्यात आहे. ते पत्र मी दोनदा वाचलं होतं, शब्दन् शब्द. फी माफ, विमा, महिन्याचे पैसे, सगळं मनात टिपलं होतं. ते तीन महिने मात्र माझ्या नजरेतून सुटले होते. उन्हाळ्यात तिकडे बऱ्याच ठिकाणी शिकवण्याचं काम नसतं. तेव्हा गाइडच्या प्रोजेक्टमधून पैसे निघाले तर निघाले, नाहीतर नाही. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कागदावर दिसणं यात फरक आहे, आणि तो फरक मेकॅनिकला कळला, प्राध्यापिकेला नाही.

"आणि याला पगार का नाही म्हटलंय?" त्यांनी विचारलं. "काम आहे, तास आहेत, महिन्याला पैसे आहेत. मग पगार लिहायला काय झालं?"

हा प्रश्न त्यांनी मला २००९ मध्येही विचारला होता.

तेव्हा मी नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा, पास झाले होते, जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपसकट. आमच्या वेळी विज्ञानाच्या त्या परीक्षेत दोन पेपर असत, एक खुणा करण्याचा आणि दुसरा पानंच्या पानं लिहिण्याचा. दुसऱ्या पेपरला माझं बोट सुजलं होतं. पहिली दोन वर्षं ज्युनियर, पुढची तीन वर्षं सीनियर, असा पाच वर्षांचा हिशेब. ज्युनियरला महिन्याला १२,००० रुपये. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात नाव नोंदवून मी घरी आले, तर बाबा दारातच.

"पगार किती?"

"पगार नाही बाबा. फेलोशिप. बारा हजार."

"पीएफ?"

"नाही."

"रजा?"

"गाइड देतील तशी."

"काम किती तास?"

"संपेपर्यंत."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असली नोकरी आमच्या युनियनने कुणाला घेऊ दिली नसती."

मला राग आला. किती आला ते आता आठवलं तरी लाज वाटते. मला वाटलं, या माणसाला मान कळत नाही, फक्त मजुरी कळते. वाड्यावरच्या बायका म्हणत होत्या, हिला सरकार शिकायला पैसे देतं. त्या वाक्यात केवढा मोठेपणा होता! पगार तर कुणालाही मिळतो.

मराठीत या पैशांना दोन शब्द आहेत. एक शिष्यवृत्ती, दुसरा विद्यावेतन. पहिल्यात शिष्य आहे, म्हणजे गुरू आला, त्याची कृपा आली, पायाशी बसणं आलं. दुसऱ्यात चक्क वेतन आहे. ज्याने कुणी तो शब्द घडवला त्याला बाबांचा प्रश्न आधीच पडला असावा. आम्ही लॅबमध्ये दोन्ही शब्द वापरत नव्हतो. आम्ही फेलोशिप म्हणायचो, आणि ती आली की नाही एवढंच एकमेकांना विचारायचो. "आली?" "नाही आली." पाऊस असल्यासारखं.

*

पहिल्याच सत्रात सीनियरने मला एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला उभं केलं. "घे गे, तेवढाच अनुभव मिळेल." टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी उच्चारत नव्हतं. नाव नाही, ऑर्डर नाही, पैसे तर नाहीतच. आठवड्यातल्या दोन दुपारी आणि वर जर्नल्सचा गठ्ठा.

आता खरं सांगायचं तर त्या दोन दुपारी मला माझ्या संशोधनापेक्षा जास्त आवडायच्या. जुलै महिना, बाहेर पठारावर पाऊस आडवा येतोय, खिडक्या बंद, लॅबमध्ये आम्लांचा आणि ओल्या छत्र्यांचा मिळून एक वास. डेसिकेटर या पदार्थ कोरडे ठेवायच्या भांड्यातलं निळं सिलिका जेल दोन दिवसांत गुलाबी पडायचं. गोव्याच्या पावसात कुठलीही पावडर कोरडी राहत नाही आणि कुठलंही वजन दोनदा सारखं येत नाही. पुस्तकं लिहिणारे बहुतेक कोरड्या गावांतले असावेत.

सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. वर्गात तोंड उघडायचा नाही. त्याला इंग्रजीची एवढी धास्ती की ब्युरेटचं, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या नळीचं, रीडिंगसुद्धा कागदावर लिहून दाखवायचा, बोलायचा नाही. त्याची तिन्ही रीडिंग्ज नेहमी तंतोतंत सारखी. एवढी सारखी रीडिंग्ज देवालाही येत नाहीत. तो ती शिजवत होता, म्हणजे पहिलं खरं आणि पुढची दोन त्याच्यावरून बेतलेली. मी त्याला बाजूला घेतलं आणि आमच्या डिचोलीच्या मिश्र बोलीत, अर्धी मराठी अर्धी कोंकणी, विचारलं, "कित्याक रे? भिवपाक कितें जालां?" तो म्हणाला, मॅडम, तिसऱ्या वेळी रंग जास्त गडद येतो, मग सर म्हणतात चुकलं.

कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की गडद गुलाबी म्हणजे थेंब जास्त पडला. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी दिसेल न दिसेल इतपत हवा, पांढऱ्या टाइलवर फ्लास्क धरून पाहायचा, आणि शेवटी शेवटी थेंबसुद्धा अर्धा सोडायचा, ब्युरेटच्या टोकाला लटकवून फ्लास्कच्या काचेला पुसून घ्यायचा. अर्धा थेंब सोडायला मी त्याला अख्खी दुपार शिकवलं. संध्याकाळी पाच वाजून गेले, लॅब असिस्टंट किल्ल्या वाजवत उभा, आणि त्याला तीन रीडिंग्ज आली. तिन्ही वेगळी, शून्य पूर्णांक एकच्या आत. त्याने ती मोठ्याने वाचली.

हे कुणाच्या कामात मोडतं? माझ्या नाही, कारण मी विद्यार्थिनी. सरांच्या नाही, कारण त्यांचे तास भरलेले. असं काम देशभरच्या विद्यापीठांत रोज होतं आणि बहुतेक ठिकाणी कुणाच्याच नावावर लागत नाही. पुष्कळदा लॅबमधली खरी शिकवणी याच फटीत होते.

*

२०१० च्या एप्रिलपासून ज्युनियरचे १६,००० झाले, सीनियरचे १८,०००. मी २०११ मध्ये सीनियर झाले. कमिटीपुढे बोलायचं, ते शेरा मारणार, तो कागद विभागातून विद्यापीठात आणि विद्यापीठातून दिल्लीला. कागद गेला. पैसे थांबले. चौकशी केली की सांगत, अपग्रेडेशनची फाइल टेबलावर आहे. कुणाच्या टेबलावर, ते कधीच कळलं नाही.

नेमकं २०१२. सप्टेंबरमध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. दादाचा ट्रक कर्जावर घेतलेला. डिचोलीच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ एका पंधरवड्यात बसली. झाडांची पानं हिरवी असतात हे लोकांना नव्याने कळलं. आणि ट्रक फणसाखाली उभा. दारात ट्रक उभा, दिल्लीत फेलोशिप उभी. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत घर कशावर चाललं? बाबांच्या पीएफवर आणि ग्रॅच्युइटीवर. ज्यांना मी मजुरीपलीकडे काही कळत नाही म्हणाले होते, त्यांच्या मजुरीतून दर महिन्याला कापून ठेवलेल्या पैशांवर. कॅन्टीनवाल्या मामांच्या वहीत माझ्या नावावर भाजी-पाव आणि बन्स यांचं एक पान भरून दुसरं लागलं होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र त्या दिवसांत कॅन्टीनला मागच्या दाराने जात असे.

मग एका सोमवारी आठ महिन्यांचे पैसे एकदम खात्यात. त्या दुपारी माझ्याएवढं श्रीमंत पठारावर कुणी नव्हतं. मामांची दोन पानं फाडली, आईला मिक्सर घेतला. आणि जुनी का होईना, स्कूटर घ्यावी म्हणून एका बँकेत कर्ज विचारायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "सॅलरी स्लिप?" मी फेलोशिपचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं आणि परत केलं. "हे इन्कममध्ये धरत नाहीत."

त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १० (१६) खाली शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असे. उत्पन्नात धरतच नसत. कर वाचतो म्हणून आम्ही खूश असायचो. पण ज्याच्यावर कर नाही त्याची स्लिप नाही, ज्याची स्लिप नाही त्याचं कर्ज नाही, आणि जे उशिरा आलं तर भांडायचं कुणाशी तेही ठरलेलं नाही. पगार उशिरा आला की माणूस गेटवर उभा राहतो. शिष्यवृत्ती उशिरा आली की माणूस वाट पाहतो. आम्ही आठ महिने वाट पाहिली, तीही अदबीने. मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी.

माझी पाच वर्षं २०१४ च्या ऑगस्टमध्ये संपली. वर्ष सरण्याआधी ज्युनियरचे २५,००० झाले. नशीब म्हणतात ते हेच.

*

आमच्या लॅबमध्ये एका बेंचवर तिघं होतो. मी जेआरएफवाली. माझ्या डावीकडे प्रोजेक्टवरचा एक मुलगा. त्याचे पैसे गाइडच्या प्रोजेक्टमधून, आणि प्रोजेक्ट तीन वर्षांचा. थीसिस तीन वर्षांत होत नाही हे प्रोजेक्ट देणाऱ्यांनाही माहीत असतं. त्यातही वर्षाचा हप्ता मागच्या वर्षीच्या यूसीवर, म्हणजे खर्चाच्या दाखल्यावर, अवलंबून. "यूसी गेली का?" हा त्याचा रोजचा प्रश्न होता. चौथ्या वर्षी तो वास्कोला ट्यूशन घ्यायला लागला आणि हळूहळू तिथलाच झाला. उजवीकडे एक मुलगी. नेट पास, पण जेआरएफ थोडक्यात हुकलेलं, नुसतं एलएस. म्हणजे कॉलेजात शिकवायला तू लायक आहेस असं प्रमाणपत्र, पण शिकायला पैसे नाहीत. ती सकाळी एका कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवायची, दुपारी लॅबला यायची. लेक्चर बेसिस म्हणजे काय ते गोव्यात सांगावं लागत नाही. जेवढी लेक्चरं तेवढे पैसे. चतुर्थीची सुट्टी आली की पोटावर चिमटा.

तिघंही एकाच ओव्हनमध्ये काचसामान वाळवत होतो.

केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएच.डी.वाल्यांनाही महिन्याला ८,००० मिळत. आमचं राज्य विद्यापीठ, त्यामुळे ती सोय आमच्याकडे नव्हती. २०१५ च्या ऑक्टोबरात ते आठ हजारही बंद करायचं ठरलं, तेव्हा दिल्लीत मुलांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारातच ठाण मांडलं, दिवसच्या दिवस. पुढे २०१८ च्या हिवाळ्यात देशभरचे संशोधक विद्यार्थी फेलोशिपवाढीसाठी रस्त्यावर आले, आणि २०१९ च्या जानेवारीपासून ज्युनियरचे ३१,००० झाले. २०२३ पासून ३७,०००, सीनियरचे ४२,०००. वाढ कधीच आपणहून आली नाही. बातमी वाचून बाबा म्हणाले, "आता कसं!"

तिकडे आयआयटीत गेटची प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक.ला जाणाऱ्यांचं वेगळंच. महिन्याला १२,४०० आणि त्याबदल्यात आठवड्याला आठ तास काम; ट्यूटोरियल, लॅब, पेपर तपासणं. रक्कम फुटकळ, पण तास लिहिलेले आहेत. २०१८ पासून पंतप्रधानांच्या नावाची एक फेलोशिप निघाली, सुरुवातीला ७०,००० आणि शेवटी ८०,०००. तिच्यातही एक अट होती, आठवड्यातून एकदा आसपासच्या पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा इंजिनियरिंग कॉलेजात जाऊन शिकवायचं. मला ती अट फार आवडली. हाती रक्कम ठेवून 'शिकव' म्हटलेलं निदान समजतं.

*

सांकवाळला झुआरीनगरच्या माथ्यावर बिट्स पिलानी या संस्थेचा कॅम्पस आहे, २००४ पासून. तिथे मी एका परिसंवादाला गेले होते. दुपारच्या जेवणात समोर दोन संशोधक विद्यार्थी हॉस्टेलच्या मेसचं बिल आणि इन्स्टिट्यूट फेलोशिपचा हिशेब मांडत होते. आणि मला आठवलं की बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी याच गावचे.

१८७६ चा जन्म. शाळा जेमतेम. बुद्ध कोण हे नीट समजून घ्यायचंच म्हणून १८९९ मध्ये बायको-लेकराला घरी ठेवून निघालेला माणूस. पुणं, ग्वाल्हेर, काशी. काशीत संस्कृत शिकताना अन्नछत्रात जेवण. मग नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश. त्या काळातल्या गरीब विद्यार्थ्याची फंडिंगची व्यवस्था हीच होती. कुणी अन्नछत्रात, कुणी माधुकरी मागून, कुणी वार लावून. सोमवारी या घरी पान, मंगळवारी त्या घरी. आपल्याकडे वार लावून शिकलेल्यांच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. सांगावं असंच ते आहे. पण वारावर जेवणाऱ्या मुलाला ज्या घरी भात कमी वाढला, तिथे तो 'आणखी वाढा' म्हणाला असेल का, हे त्या गोष्टींत येत नाही.

पुढे कलकत्त्याला असताना कोसंबींना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून निरोप आला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरी राहा, तीन वर्षं महिन्याला ५० रुपये देऊ, आणि संस्थानासाठी पुस्तक लिहून द्या. मला हा मजकूर एखाद्या ऑफर लेटरसारखा वाटतो. रक्कम, मुदत, काम, राहण्याचं ठिकाण. बाबांनी तो वाचला असता तर त्यांना एकही ओळ खटकली नसती. अन्नछत्रातून त्या पत्रापर्यंत यायला कोसंबींना बरीच वर्षं लागली, आणि त्यानंतर ते हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी गेले, १९१० मध्ये. सांकवाळहून हार्वर्ड, व्हाया भिक्षापात्र. हे मी त्या दोन मुलांना सांगायला हवं होतं. ते आइस्क्रीमच्या रांगेत निघून गेले.

*

भाचीच्या वेळी घरात पंधरा दिवस चर्चा चालली. दादाला एका एजंटने सांगितलं होतं, आधी एमएस करू दे, लवकर नोकरी लागते. एमएस म्हणजे बहुधा स्वतःच्या पैशांनी. राज्यात शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जाची सरकारी योजना आहे, तिचे फॉर्मही दादाने आणून ठेवले होते. पीएच.डी.ला मात्र, निदान विज्ञानात, विद्यापीठच फी माफ करतं आणि वर खायला देतं, हे त्याला पटायला वेळ लागला. "फुकट?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. खाणीच्या गावात फुकट या शब्दावर कुणाचा विश्वास नसतो. शेजारच्या काकी तर शेवटपर्यंत धरून बसल्या होत्या की पोरगी बोटीवर नोकरीला चालली आहे.

पंधरा एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ही तारीख तिकडच्या बहुतेक विद्यापीठांनी मिळून ठरवलेली आहे; पैशांसकट आलेली ऑफर स्वीकारायला विद्यार्थ्यावर त्याआधी बळजबरी करायची नाही. बाबांना ती फार पसंत पडली. "म्हणजे मालकांनी आपसात करार केलाय," ते म्हणाले.

मी त्यांना मग पुढचंही सांगितलं. तिकडे हा झगडा साठेक वर्षं जुना आहे. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी १९६६ मध्ये संघटना काढली आणि १९७० मध्ये संपही केला. खासगी विद्यापीठांचा प्रश्न तिथल्या श्रम मंडळापुढे गेला. हे विद्यार्थी की कामगार? मंडळाने २००० मध्ये सांगितलं कामगार, २००४ मध्ये सांगितलं विद्यार्थी, २०१६ मध्ये पुन्हा कामगार. माणसं तीच, लॅब तीच, जर्नल्सचा गठ्ठा तोच. मंडळावर कोण बसलंय एवढंच बदललं. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० जण संपावर गेले, त्यात टीए होते, संशोधक होते. नाताळापर्यंत तो चालला. टीएचा नऊ महिन्यांचा किमान पगार २३,००० डॉलरच्या आसपास होता तो टप्प्याटप्प्याने ३४,००० पर्यंत न्यायचं ठरलं.

"४८,०००," बाबा म्हणाले. त्यांनी तो आकडा दोनदा उच्चारला. त्यांच्या वर्कशॉपच्या संपाला दोनशे दहा माणसं होती, आणि त्या दोनशे दहांची नावं ते अजून सांगू शकतात.

*

आता माझ्याविषयी. मी एका कॉलेजात शिकवते, तिथे संशोधन केंद्र आहे, आणि माझ्याकडे पीएच.डी.ला एक मुलगी आहे. काणकोणहून येते, जेआरएफ नाही. गेल्या वर्षी बीएस्सीची प्रॅक्टिकल्स वाढली, माणूस कमी पडलं, आणि मी तिला म्हटलं, "घे गे, तेवढाच अनुभव मिळेल."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला माझ्या सीनियरचा आवाज ऐकू आला. शब्द तेच. सूरही तोच.

अनुभव मिळाला नव्हता का मला? मिळाला. तो अर्ध्या थेंबाचा धडा मी आजही वर्गात देते. वाईट हे की ते वाक्य खरं आहे. खोटं असतं तर ते कधीच मोडीत निघालं असतं.

अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत असं आहे की पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देता येईल. ट्यूटोरियल, लॅब, मूल्यमापन. त्या वाक्यात तास आहेत, पैसे नाहीत. तरी तास आले हेही काही कमी नाही, असं वाटून मी त्या आधारावर अर्ज केला की हिला निदान लेक्चर बेसिसच्या दराने द्यावेत. उत्तर आलं, ती विद्यार्थिनी असल्यामुळे देता येत नाही. त्याच दिवशी नोटीस बोर्डावर नवीन टाइमटेबल लागलं. त्यात फॅकल्टीच्या रकान्यात तिचं नाव होतं.

मी टाइमटेबलचा फोटो काढून अर्जाला जोडला आणि पुन्हा पाठवला. मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशीच केली, सवयीने. उत्तर अजून यायचं आहे.

*

भाची ऑगस्टमध्ये गेली. जाण्याआधी तिची इंग्रजी बोलण्याची परीक्षा झाली, कारण परदेशी मुलांना तिकडे वर्गावर सोडण्याआधी त्यांचं बोलणं पोरांना कळतं का ते पाहतात. आता ती पहिल्या वर्षाच्या मुलांना टायट्रेशन, तेच ब्युरेटचं काम, शिकवते. पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "आते, इथेपण रीडिंग शिजवतात!"

ऑक्टोबरातली गोष्ट. संध्याकाळचे सात, ओसरीवर दिवा लागलेला, तिच्याकडे सकाळचे साडेआठ. व्हिडिओ कॉलवर बाबांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "स्लिप येते का गे बाय, महिन्याला?"

"येते ना आबा. थांबा, दाखवते."

तिने लॅपटॉपचा पडदा फोनसमोर धरला. बाबांनी चष्मा पुसला. आकडा, तारीख. सही नव्हती, ती ऑनलाइन स्लिप. मग ते खाली आले.

"टॅक्स कापलाय."

"हो, कापतात."

"मग पगारच हा," ते माझ्याकडे बघून म्हणाले. पंधरा वर्षांचा हिशेब त्यांनी तेवढ्यात मिटवला. "पीएफ?"

"नाही आबा."

"हं. आणि तास?"

"वीस."

"वीस लिहिलेत. झाले किती?"

ती हसली, मग खिडकीकडे पाहिलं. "या आठवड्यात सत्तावीस. मिडटर्मचे पेपर होते. पण आबा, वीसच्या वर लिहिताच येत नाहीत. व्हिसाचा नियम आहे."

"कुठे लिहिता येत नाहीत?" बाबांनी विचारलं. "तुझ्या वहीत?"